घरचाच पाहुणा

अमेरिकेतला वाचाळ रेडिओ निवेदक हॉवर्ड स्टर्न डेव्हिड लेटरमनच्या रात्रीच्या टीव्ही गप्पांच्या शोमध्ये नुसता वाह्यातपणा करायला यायचा, असं एका लेखात वाचलं. ते म्हणणं अर्धंच खरं. १९८४ मध्ये तो तिथे पहिल्यांदा आला तेव्हा एनबीसी या टीव्ही-रेडिओ कंपनीच्याच न्यूयॉर्कमधल्या रेडिओ स्टेशनवर नोकरीला होता. शोही एनबीसीचा, इमारतसुद्धा तीच! आणि पठ्ठ्या रेडिओवर आपल्याच साहेबांची सालपटं काढत होता. सप्टेंबर १९८५ मध्ये स्टेशनने त्याला नारळ दिला. लेटरमनने मात्र नंतरही बोलावलंच. मला बघायला आवडायचा तो लेटरमनचा चेहरा. अर्धं हसू, अर्धी धास्ती, आता हा काय बोलतोय म्हणून! २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर दोघं पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा लेटरमनला ही भली मोठी दाढी. ती मुलाखत लेखातून कशी काय सुटली?