काळी पाचची कटकट

यंदा सोसायटीच्या गणपतीत रेकॉर्ड डान्सच्या मधे काहीतरी 'क्लासी' हवं असं कमिटीने ठरवलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं, कारण काय तर माझी मुलगी क्लॅरिनेट वाजवते. वाजवते म्हणजे, दुसरं वर्ष आहे. जोडीला ए विंगमधली दोन व्हायोलिनवाली आणि बी विंगचा एक चेलो, व्हायोलिनचा धिप्पाड भाऊ, जो लिफ्टमधे शिरला की बाकीच्यांनी जिन्याने यायचं.

पहिली चक्कर अप्पा बळवंत चौकात. "क्लॅरिनेट आणि व्हायोलिन एकत्र वाजवायचं पुस्तक आहे का?" दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "वरात कधी आहे?" त्याचंही बरोबरच, आपल्याकडे क्लॅरिनेट म्हणजे बँडवाल्यांचंच वाद्य, नवरदेवाच्या घोड्यापुढे जे वाजतं ते.

मग नेट. तिथे जुन्या उस्तादांचं सगळं फुकट मिळतं, फक्त वाजवता येत नाही. मोझार्टने १७८९ मधे क्लॅरिनेट क्विंटेट, म्हणजे एक क्लॅरिनेट आणि चार तारवाद्यांचं, लिहिलं ते स्टाडलर नावाच्या क्लॅरिनेटवाल्या दोस्तासाठी. वेबर या संगीतकाराकडे बेअरमन नावाचा क्लॅरिनेटवाला होता. ब्राम्स तर रिटायर व्हायच्या गोष्टी करत होता, तर म्यूलफेल्ड नावाच्या क्लॅरिनेटवाल्याचं वाजवणं ऐकून परत लिहायला बसला आणि १८९१ मधे त्याचंही क्विंटेट झालं. म्हणजे प्रत्येकाच्या ओळखीत एकेक भारी वाजवणारा. शेजारची नववीतली पोरगी, जिला उद्या गणिताचा क्लास आहे, अशी कुणाच्याच ओळखीत नव्हती का?

बरं, मोझार्टचा संथ भाग घेऊ म्हटलं, हळू म्हणजे सोपं. मुलगी चौथ्या ओळीत लाल झाली, कारण श्वास घ्यायला जागाच नाही. त्यात ते लिहिलंय 'ए'च्या म्हणजे पेटीवरच्या पांढरी सहाच्या क्लॅरिनेटसाठी, आणि आमच्याकडे काळी पाचचं, म्हणजे बी फ्लॅटचं, ज्याचे हप्ते अजून चालू आहेत. व्हिओला, म्हणजे व्हायोलिनसारखंच पण खालच्या सुराचं वाद्य, तर अख्ख्या सोसायटीत नाही. त्याची ओळ व्हायोलिनला द्यावी तर व्हायोलिन खाली 'जी'लाच संपतं.

आणि खरी कटकट तीच, काळी पाच. या क्लॅरिनेटवर कागदावरचा 'सी' वाजवला की कानाला बी फ्लॅट येतो, सगळंच एक स्वर खाली. व्हायोलिनवाल्यांना डी मेजर आवडतं, दोनच शार्प म्हणजे चढे स्वर, मोकळ्या तारा सापडतात, पण मग माझ्या मुलीला ई मेजर, चार शार्प. तिला सोपं सी मेजर द्यावं तर चेलोला दोन फ्लॅट, म्हणजे उतरे स्वर, आणि चेलोच्या आईचा मला फोन. मधला मार्ग म्हणून पांढरी चार, म्हणजे एफ, काढली, इकडे एक शार्प, तिकडे एक फ्लॅट, म्हणजे पार्किंगच्या वाटपासारखं, समान आणि सगळे नाराज.

शेवटी वैतागून मुलांच्या व्हायोलिनच्या पुस्तकातला डी मेजरमधला एक छोटा मिनुएट, म्हणजे जुन्या नाचाची चाल, घेतला. क्लॅरिनेटचा कागद रात्री एक स्वर वर लिहून काढू म्हटलं आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी तालीम. ट्यूनर ज्यांच्या फोनमधे ते बाबा वर्गणीला गेलेले. मी मुलीला म्हटलं, "अगं तारा लावायला तूच दे 'ए'." तिने दिला. म्हणजे तिचा 'ए', जो जगाचा 'जी' असतो. तिन्ही पोरांनी मुकाट खुंट्या पिळून सगळ्या तारा त्याला लावल्या, चेलोच्या तर अगदी दोरीसारख्या ढिल्या झाल्या. आणि सगळ्यांनी तोच एक कागद समोर ठेवून, दोन शार्पचा, सुरू केलं.

जुळलं! पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळलं. आता अख्खी पलटणच काळी पाचची झाली होती. मी तर डोळे मिटून ऐकत होतो.

तेवढ्यात व्हायोलिनच्या बाई जिना चढून आल्या, दारातच थांबल्या, आणि म्हणाल्या, "तारा कुणी उतरवल्या?"

चारही पोरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.