करार झाला म्हणून नर्सिंगची परीक्षा टळत नाही

‘भारत-ब्रिटन करारामुळे आपली नर्सिंगची, इंजिनिअरिंगची डिग्री आता तिकडे आपोआप मान्य. परीक्षा नाही, इंग्रजीची चाचणी नाही. युरोपात १९७९ पासून असंच चालतं. एकदा मान्यता मिळाली की कायमची. हापूससुद्धा आता विनातपासणी जाणार.’

हा मेसेज ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत फिरत कळव्याला माझ्या आत्याकडे पोहोचला. तिची मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, ओईटीचा, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेचा, क्लास करते. आत्याने क्लासचा पुढचा हप्ता थांबवला. ‘अरे, आता परीक्षाच नाही म्हणतात, मग फी कशाला भरायची?’ वर ठाणे स्टेशनजवळचा एक एजंट ‘परस्पर मान्यतेचं सर्टिफिकेट’ काढून देतो म्हणून तिच्याकडे पैसे मागतोय. असं कुठलंही सर्टिफिकेट नसतं. पैसे देऊ नका, कुणालाही देऊ नका.

आधी डिग्रीचं बघू, कारण खरं नुकसान तिथेच आहे. भारत आणि ब्रिटन यांच्यात शैक्षणिक पात्रतेच्या परस्पर मान्यतेचा सामंजस्य करार झाला तो जुलै २०२२ मध्ये. तो खरा आहे. आपली बारावी, पदवी तिकडच्या विद्यापीठात प्रवेशासाठी धरायची आणि त्यांची एका वर्षाची मास्टर्स आपण इथे धरायची, हा त्याचा गाभा. पण त्याच वेळी आपल्या सरकारने जाहीर केलं होतं की इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग आणि पॅरामेडिकल, फार्मसी, कायदा आणि आर्किटेक्चर हे व्यावसायिक अभ्यासक्रम या कराराच्या बाहेर आहेत. मेसेज लिहिणाऱ्याने ‘आपोआप मान्य’ म्हणून ज्या दोन डिग्र्यांची नावं घेतली, त्या दोन्ही वगळलेल्या यादीत आहेत! हे वाचून माझं डोकंच फिरलं. २४ जुलै २०२५ ला सही झालेला व्यापार करार वेगळा. त्यानेही नर्सची नोंदणी आपोआप होत नाही. व्यावसायिक पात्रतेचं त्या त्या व्यवसायाच्या नियामक संस्थांनी आपसात बोलून ठरवायचं आहे.

ब्रिटनमध्ये नर्स म्हणून काम करायचं तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे नोंदणी लागते. आपल्याकडे शिकलेल्या मुलीला इंग्रजी सिद्ध करावं लागतं. बहुतेक जणी त्यासाठी ओईटी नाहीतर आयईएल्टीएस देतात. ओईटीत ऐकणं, वाचणं, बोलणं यांत बी ग्रेड हवी, लेखनात सी प्लस चालते. मग संगणकावरची नर्सिंगची परीक्षा, म्हणजे सीबीटी, आणि शेवटी ब्रिटनमध्ये जाऊन ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक. त्यात दहा स्टेशनं असतात: पेशंटची तपासणी, काळजीचा आराखडा, औषध देणं, नोंद ठेवणं, प्रत्येक ठिकाणी परीक्षक समोर. यातलं एकही पाऊल करारामुळे गळलेलं नाही. क्लास बंद करून वर्ष वाया गेलं तर ते मेसेज फॉरवर्ड करणारा भरून देणार आहे का?

‘युरोपात असंच चालतं’ हे तर अर्धवट वाचून लिहिलंय. १९७९ चा निकाल कासी द दिजों नावाच्या फ्रेंच मद्याचा. जर्मनीचा नियम होता की फळांच्या लिकरमध्ये किमान २५ टक्के अल्कोहोल हवं. कासीमध्ये १५ ते २० टक्के. युरोपीय न्यायालय म्हणालं, एका सदस्य देशात कायदेशीरपणे बनलेला आणि विकला जाणारा माल दुसऱ्याने असा अडवू नये. पण त्याच निकालात सार्वजनिक आरोग्य आणि ग्राहकहित यांसाठी अडवण्याची मुभा ठेवली आहे. आणि तो निकाल मालाचा, माणसांच्या परवान्याचा नाही. युरोपीय संघात नर्सची पात्रता आपोआप मानतात हे खरं. पण कशाच्या जोरावर? किमान तीन वर्षं आणि ४,६०० तासांचं प्रशिक्षण सगळ्या सदस्य देशांनी आधी कायद्याने बांधून घेतलं, म्हणून. आधी समान किमान पातळी, मग एकमेकांवर भरवसा. परस्पर मान्यता ही राज्यकारभाराचीच एक पद्धत आहे. दोन्हीकडचे नियम आपापल्या जागी राहतात, फक्त ‘तुमची तपासणी आम्हाला पुरेशी आहे’ असं एकमेकांना म्हणायचं, आणि तसं म्हणता यावं म्हणून एकमेकांच्या यंत्रणा तपासत राहायच्या. अमेरिका आणि युरोपने औषध कारखान्यांच्या तपासण्या परस्पर मानायचं १९९८ मध्ये ठरवलं. माणसांच्या औषधांपुरतं ते सगळ्या सदस्य देशांना लागू व्हायला जुलै २०१९ उजाडला, कारण एकेका देशाची तपासयंत्रणा पारखून घ्यायची होती.

‘कायमची’ म्हणाल, तर सेंद्रिय मालाचं उदाहरण घ्या. आपल्या प्रमाणीकरण यंत्रणेला अमेरिकेने दिलेली मान्यता २०२१ मध्ये त्यांनीच संपवली. आपल्या निर्यातदारांना नव्याने अमेरिकन पद्धतीचं सर्टिफिकेट घ्यावं लागलं.

हापूसबद्दल बोलायला मला कुणाचा फॉरवर्ड नको. मी वाशीत निर्यातीची कागदपत्रंच बघतो. अमेरिकेचंच उदाहरण घ्या. तिकडे जाणाऱ्या आंब्याचं किडीसाठी विकिरण होतं, म्हणजे त्यावर किरणांचा मारा करतात. फायटो, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला लागतो, पेटीवरची खूण आणि कागद जुळावे लागतात. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या आंब्याच्या १५ खेपा अमेरिकेने नाकारल्या. अडचण कागदाची होती, एका फॉर्मवरून. माल तिकडेच नष्ट करावा लागला. याला विनातपासणी म्हणतात?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. करारांचा काहीच उपयोग नाही असं नाही. कस्टम्सने एईओ, म्हणजे विश्वासू व्यापारी असा दर्जा दिलेल्या निर्यातदाराला, ज्या देशाशी त्याबाबत परस्पर मान्यता आहे तिथे, कमी अडवतात. अमेरिकेशी तसा करार २०२१ मध्ये झाला. ब्रिटनबरोबर सामाजिक सुरक्षेचंही ठरलंय: कंपनीने तिकडे तात्पुरतं पाठवलेल्या माणसाला ठरावीक मुदतीपर्यंत तिथला नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सामाजिक सुरक्षेची वर्गणी, भरावा लागू नये. ऐरोलीच्या आयटी कंपनीतून जाणाऱ्याचा यात फायदा आहे. पण तिथल्या हॉस्पिटलने थेट नोकरीवर घेतलेल्या नर्सला ही सवलत नाही.

आत्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तिचा प्रश्न एकच होता, मग एजंटाला काय सांगू? म्हटलं, कौन्सिलच्या वेबसाइटवर हे सर्टिफिकेट कुठल्या पानावर आहे ते दाखव म्हण, आणि तोवर क्लासचा हप्ता आजच्या आज भर.