‘घरी नेल्यावर बास गायब’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. आमच्या दुकानात भरदार वाजलेले स्पीकर घरी पोकळ वाजतात, गायकाचा आवाज मधोमध न येता खोलीभर पसरतो, म्हणजे माल सदोष आहे, असं तुम्ही लिहिलंय. पण एका स्पीकरजवळ गेलं की बास (खालचे, घुमणारे सूर) परत येतो, हेही तुम्हीच लिहिलंय. आमच्यासाठी सगळ्यात मोलाचं वाक्य तेच. स्पीकर बिघडला असता तर जवळूनही तसाच वाजला असता.

आमच्या मते दोनपैकी एका स्पीकरच्या वायरी उलट लागल्या आहेत. मग एकाचा कोन (आवाज काढणारा हलता पडदा) पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो. ५० हर्ट्झच्या, म्हणजे बासमधल्या, ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर असते. त्यापुढे दोन स्पीकरमधलं अंतर किरकोळ, म्हणून दोघांच्या उलट लाटा एकमेकींना खोडतात आणि बासच आधी मारला जातो.

आधी ॲम्प्लिफायर बंद करा. वायरीवर नखं फिरवून बघा: बहुतेक वायरींत एका बाजूला उंचवटा किंवा रेघ असते. कपाटामागच्या अंधारात ती दिसत नाही, त्यामुळे ही गफलत कुणाच्याही हातून होते. रेघेची तार दोन्ही स्पीकरना, दोन्ही टोकांना (ॲम्प्लिफायरकडे आणि स्पीकरकडे) लाल खाचेतच हवी. चुकली असेल तिथे फक्त एका स्पीकरच्या एकाच टोकाला अदलाबदल करा. दोन्ही टोकं फिरवलीत तर काहीच बदलणार नाही.

खात्री करायची असेल तर स्पीकर वीतभर अंतरावर समोरासमोर ठेवा, ॲम्प्लिफायर मोनोवर (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज) टाका आणि बास असलेलं काहीतरी लावा. मग ॲम्प्लिफायर बंद करून एका स्पीकरची जोडणी फिरवा आणि तेच पुन्हा ऐका. ज्या जोडणीत बास जास्त, ती बरोबर. हा फरक कानाला लगेच कळतो.

एक कळकळीची विनंती: स्पीकरचं खोकं उघडून आतल्या वायरींना हात लावू नका. काही स्पीकरमध्ये क्रॉसओव्हरच्या (उंच आणि खालचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटच्या) गरजेनुसार ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) मुद्दामच उलटा जोडलेला असतो. तो ‘सुलटा’ केलात तर मधल्या सुरांत खड्डा पडेल.

एवढं करूनही बास आला नाही तर जोडी घेऊन या. तुमच्यासमोर लावून ऐकू, आणि दोष स्पीकरमध्ये निघाला तर बदलून देऊ.