बुलेट तापते आणि ब्रीदरमधून ऑईल येतं, या तक्रारीबद्दल

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना वाचला. कास्ट आयर्न ३५० (जुन्या लोखंडी इंजिनाची बुलेट) तापते म्हणून आमच्या गॅरेजला दिली, ३,२०० रुपये गेले, तरी खंबाटकी चढताना ती तापून बंद पडली, ब्रीदरचं (इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीचं) ऑईल मागच्या टायरवर उडालं आणि आता आम्ही इंजिन खोलायला सांगतोय, असं तुम्ही लिहिलंय. राग रास्त आहे.

गाडी मी गावातच चार किलोमीटर फिरवून दिली. तापणारी गाडी चढाला लावून बघायला हवी होती, ती मी बघितली नाही. फोनवर आमच्या पोरानं गाडी न बघताच "इंजिन खोलावं लागेल" म्हटलं, तेही चुकलंच. दोन्हीबद्दल माफी मागतो.

झालेलं काम मात्र फुकट गेलेलं नाही. पॉइंटची, म्हणजे प्लगची ठिणगी सोडणाऱ्या स्विचची, हील (टेकणारी टाच) झिजून गॅप जवळपास बंद झाली होती. त्यानं टायमिंग मागे पडतं, म्हणजे ठिणगी उशिरा पडते, आणि इंजिन तापतं. तुमच्या सायलेन्सरचा बेंड निळा पडला होता तो बहुतेक त्यामुळेच. गॅप ०.३५ ते ०.४० मिमीमध्ये आणून टायमिंग लावलं. ब्रीदर पाइपच्या टोकाचं रबरी डकबिल (हवा फक्त बाहेर सोडणारी चपटी झडप) तेवढं बघायचं राहिलं. ते कडक होऊन चिकटलं की क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या पेटीतला) दाब कोंडतो आणि ऑईल मिळेल त्या जॉइंटमधून बाहेर येतं.

पण तुम्ही फोनवर एक गोष्ट सांगितलीत, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गाडी पाच आठवडे उभी होती, निघताना डिपस्टिकवर ऑईल कमी दिसलं म्हणून तुम्ही अर्धा लिटर ओतलंत. जुनी बुलेट बरेच दिवस उभी राहिली की ऑईलच्या टाकीतलं ऑईल पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये उतरतं. डिपस्टिक कमी दाखवते, पण ऑईल कुठे गेलेलं नसतं. वरून ओतलं की ते जास्त होतं, आणि गाडी चालू झाल्यावर जास्तीचं ब्रीदरमधून बाहेर पडतं. म्हणून अशा गाडीचं ऑईल इंजिन काही मिनिटं चालवून, मग बंद करून बघायचं.

तेव्हा आधी क्रँककेसचा ड्रेन नट काढून किती ऑईल निघतं ते तुमच्यासमोर मोजू. डकबिल बदलू. रॉकरला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांना) ऑईल पोचतंय का आणि चढावर प्लग पांढरा पडतोय का (ते जास्त तापल्याचं लक्षण), तेही बघू, कारण तापण्याचं कारण वेगळं असू शकतं. एवढं करूनही ब्रीदर धूर फेकत राहिला तरच कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर) लावू. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल टाकल्यावर काटा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व्हकडे बघायचं. काटा तुम्ही स्वतः बघा, खोलायचं की नाही ते मग ठरवा. या तपासणीची मजुरी घेणार नाही, डकबिलही माझ्याकडून.

फक्त गाडी चालवत आणू नका, मागच्या टायरला ऑईल लागलंय. फोन करा, टेम्पो मी पाठवतो.