फीड मेली नाही, आणि ती फक्त इंजिनिअरांची नाही

सध्या आमच्याकडच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. शिक्षकांच्या ग्रुपवर आहे, संत्रा बागायतदारांच्या आहे, अभ्यासिकेतल्या पोरांच्याही आहे. त्याचा मथितार्थ असा: वेब फीड अन् फीड रीडर शिकण्यात वेळ घालवू नका. गूगलनं ते २०१३ मध्येच बंद केलं. त्याला कोडिंग लागतं, नेट लय खातं, मराठीत काही मिळत नाही. ग्रुपवर सगळं येतंच, मग हे काहून पाहिजे?

हा मेसेज मला खोडून काढावासा वाटतो, कारण खेड्यात राहून वाचणाऱ्या माणसाला फीडचा जेवढा उपयोग आहे तेवढा शहरातल्यालाही नसेल.

आधी फीड म्हणजे काय ते सांगतो. संकेतस्थळ आपल्या नव्या मजकुराची एक यादी ठेवतं: मथळा, तारीख, दुवा, कधी पूर्ण लेखसुद्धा. ती यादी म्हणजे फीड. तुम्ही निवडलेल्या स्थळांच्या याद्या तपासून नवं तेवढं एका जागी दाखवणारं अ‍ॅप म्हणजे फीड रीडर. फीडच्या सगळ्यात जुन्या प्रकाराचं नाव आरएसएस आहे, पण माहिती शोधताना नुसतं 'आरएसएस' टाकू नका, नागपूरच्या संघाचीच पानं समोर येतील. 'फीड रीडर' असं शोधा.

'गूगलनं बंद केलं.' गूगलनं बंद केला तो गूगल रीडर, २००५ साली सुरू केलेला त्यांचा स्वतःचा एक रीडर. १ जुलै २०१३ ला तो थांबला. फीड गूगलची कधीच नव्हती. आरएसएस १९९९ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत जन्मलं, त्याची २.० आवृत्ती २००२ ची, आणि अ‍ॅटम हा दुसरा प्रकार २००५ मध्ये इंटरनेटचं खुलं मानक झाला. एक ट्रॅव्हल्स बंद पडली म्हणून यवतमाळ-नागपूर रस्ता बंद होत नाही. आजही पॉडकास्टचे नवे भाग बहुतेक अ‍ॅपांपर्यंत आरएसएसमधूनच पोचतात. गूगल रीडर बंद झाला तेव्हा लोकांनी आपल्या फीडांची यादी ओपीएमएल नावाच्या, रीडरांना वाचता येणाऱ्या फाइलमध्ये काढून घेतली आणि दुसऱ्या रीडरमध्ये टाकली. ती सोय आजच्या बहुतेक रीडरांत आहे. तुमची यादी तुमच्याच हातात राहते.

'कोडिंग लागतं.' हा समज कुठून आला ते मला कळतं. फीडचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडला की कंसांनी भरलेला, डोकं गरगरवणारा मजकूर दिसतो आणि माणूस तिथूनच परत फिरतो. पूर्वी फायरफॉक्स तो मजकूर नीट मांडून दाखवायचा. डिसेंबर २०१८ मध्ये ६४ व्या आवृत्तीत ती सोय काढली. पण तो मजकूर आपण वाचायचाच नसतो, तो रीडरसाठी असतो. अँड्रॉइड फोनवर 'फीडर' नावाचं फुकट अ‍ॅप घ्या, त्याला खातं लागत नाही की फोन नंबर. आयफोनवर 'नेटन्यूजवायर' आहे. संगणकावर 'फीडली' किंवा 'इनोरीडर' चालेल. अधिकचं चिन्ह दाबा, आवडत्या स्थळाचा साधा पत्ता चिकटवा. बहुतेक वेळा रीडर फीड स्वतः शोधतो. नाही सापडली, तर वर्डप्रेस या संकेतस्थळं बनवायच्या साधनावरच्या स्थळाच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ आणि इंग्रजीत 'फीड' लिहून बघा. यूट्यूबच्या प्रत्येक चॅनेललाही फीड असते, त्यामुळे पिकांवर बोलणाऱ्या एखाद्या चॅनेलचे नवे व्हिडिओ भलत्यासलत्या शिफारशींत न अडकता दिसतात. ज्या पोट्ट्याला फोनवरून पैसे पाठवता येतात, त्याला हे जमतं.

'नेट लय खातं.' उलट आहे. फीड म्हणजे मुख्यतः मजकूर. रीडर सर्व्हरला, म्हणजे स्थळ जिथे ठेवलेलं असतं त्या संगणकाला, विचारतो, मागच्या वेळेनंतर काही बदललं का? नीट बसवलेला सर्व्हर 'नाही' एवढंच सांगतो आणि यादी पुन्हा उतरत नाही. फीडरमध्ये फक्त वायफायवर ताजं करायची सोय आहे. तालुक्याला वायफायवर लेख उतरवून घेतले, की रेंज नसलेल्या वावरातही वाचता येतात.

'मराठीत काही नाही.' यात अर्धं खरं आहे. बीबीसी मराठीची फीड आहे. वर्डप्रेस आणि ब्लॉगर यांवरच्या मराठी ब्लॉगांना फीड आपोआप मिळते, लिहिणाऱ्याला ठाऊक नसलं तरी. पण जिल्हा परिषदा, बाजार समित्या यांच्या कितीतरी स्थळांवर फीड नाही, पीडीएफ टाकली की काम संपलं. हा दोष त्या कार्यालयांचा आहे आणि तो लावून धरला पाहिजे. तोवर कापसाच्या भावासाठी रीडरवर विसंबू नका.

आता शेवटचा मुद्दा, 'ग्रुपवर सगळं येतं.' माझा खरा विरोध इथे आहे. येतं खरं, पण कुठून आलं आणि कधीचं, हे गळून पडलेलं असतं. 'येत्या ४८ तासांत विदर्भात अतिवृष्टी' हा मेसेज कोणत्या ४८ तासांचा? फवारणीची तयारी झालेला माणूस तो वाचून थांबतो, आणि मेसेज मागच्या वर्षीचा निघतो. भरतीच्या जाहिरातीचं तेच. पोरगं अर्ज भरायला धावतं आणि मुदत केव्हाच संपलेली असते. फीडमधली नोंद मूळ स्थळावरून येते, बहुधा तारखेसह, आणि दुवा दाबला की मूळ पान उघडतं. मध्ये कोणी ओळ कापलेली नसते. कोणतं आधी दाखवायचं हे कुठली कंपनी ठरवत नाही, फीडरसारख्या रीडरात क्रम तारखेचा. स्थळच खोटं लिहीत असेल तर फीडही खोटंच आणेल, म्हणून निवड आपण नीट करायची. सुरुवातीला पाच-सहा स्थळं पुरेत, आणि ज्याचं काही वाचलं जात नाही ते काढून टाका.

एक गोष्ट मात्र मी फीडवर कधीच सोडणार नाही: वीज पडण्याचा इशारा. रीडर ठरावीक अंतरानं विचारणा करतो, आणि वीज तेवढी थांबत नाही. त्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप फोनमध्ये ठेवा, आणि आभाळ भरून आलं की झाडाखाली थांबू नका.