‘बुरशी आलेला नकली माल’: एकच तारा दिलेल्या अभिप्रायाला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय परवा रात्री वाचला. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण ते भांडखोर व्हायला लागलं म्हणून पुसून टाकलं. आज लिहितोय ते काउंटरवरच्या मुलाशी बोलून, तुम्ही परत केलेली अर्धी वडी नीट बघून आणि त्याच खोक्यातल्या उरलेल्या सगळ्या वड्या फोडून.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताईंनी आमच्याकडून आयात केलेल्या मिल्क चॉकलेटची वडी घेतली, लहानपणापासून खात आलेल्या ब्रँडची. घरी जाऊन उघडली तर वर पांढरे पट्टे. चव ‘आपल्याकडच्यासारखी’, म्हणजे मायदेशातल्यासारखी, नाही. मूळ वेष्टनावरचा मजकूर आयातदाराच्या स्टिकरखाली दडलेला. परत करायला आल्या तेव्हा आमच्या मुलाने ‘त्यापेक्षा इथलंच घ्या, ताजं असतं’ म्हणत एक तुकडा चाखायला दिला, तो मेणासारखा लागला. तेव्हा माल बुरशी आलेला, नकली, आणि वर दुधाची तहान ताकावर भागवायचा सल्ला, असं त्यांचं म्हणणं. तारा एकच.

तारे वाढवा असं मी म्हणणार नाही. यातल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत, एक अर्धी खरी आहे आणि एक चूक आहे.

खरी असलेली पहिली. वडी खराब झाली होती आणि ती आमच्याकडेच झाली. खोकं आलं त्या आठवड्यात मागच्या खोलीचा एसी दोन दिवस बंद होता. चॉकलेट साधारण १५ ते १८ अंशांत ठेवायचं असतं, आणि तिथे तेव्हा भट्टी झाली होती. हे मला माहीत होतं. ‘दोन दिवसांनी काय होतंय’ असं मीच म्हणालो होतो. २४ वड्यांपैकी ७ पांढऱ्या पडलेल्या निघाल्या. उरलेल्याही विक्रीतून काढल्या आहेत.

पण ती बुरशी नव्हती. बुरशीला पाणी लागतं, आणि चॉकलेटमध्ये पाणी असतं शेकडा एकाच्या आसपास. तुम्ही पाहिलंत ते वर आलेलं कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतला स्निग्धांश. हे विचित्र प्रकरण आहे. तेच कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकतं. कारखान्यात चॉकलेट ठरावीक तापमानांना गरम-थंड करत घोळवतात (टेम्परिंग म्हणतात ते), ते पाचव्या प्रकारचेच स्फटिक मिळावेत म्हणून. त्यानेच वडीला चकाकी येते, मोडताना ‘टक्’ असा आवाज येतो आणि ती ३४ अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे हातात धरवते पण जिभेवर विरघळते. मागच्या खोलीत ती अर्धवट वितळली आणि मग कोणी न घोळवता आपली आपण गोठली. आवाज गेला, चकाकी गेली, स्निग्धांश वर आला. खायला धोका काहीच नाही, पण मजाही नाही.

घरी कधी शंका आली तर पांढऱ्या भागावर बोट फिरवा. पुसलं जाऊन गुळगुळीत झालं तर ते कोको बटर. खरखरीत लागलं तर साखर, म्हणजे वडी फ्रिजमधून काढून तशीच उघड्यावर ठेवली, तिच्यावर दव धरलं आणि त्यात विरघळलेली साखर पुन्हा वर जमली. तुमच्या वडीवर मी बोट फिरवलं, गुळगुळीत होतं. म्हणजे तुमच्या फ्रिजचा दोष नाही, माझ्या खोलीचा.

आता ‘नकली’. हे मात्र मी मान्य करणार नाही, कारण यात माझ्या एसीचा संबंध नाही आणि तुमच्यासारखे दहा जण महिन्यातून एकदा तरी हेच विचारतात.

वेष्टनावरचं नाव एक असलं म्हणजे आतला माल एक असतो असं नाही. किटकॅट अमेरिकेत हर्शी बनवते, बाकी जगात नेस्ले. मिल्की वे अमेरिकेत घेतलंत तर नूगटवर (साखर फेटून केलेल्या मऊ गरावर) कॅरॅमलचा थर असतो, युरोपात घेतलंत तर कॅरॅमल नसतंच. दोन्ही अस्सल. शिवाय ‘मिल्क चॉकलेट’ कशाला म्हणायचं हा कायद्याचा मामला आहे आणि तो देशागणिक बदलतो. युरोपीय संघात मिल्क चॉकलेटमध्ये कोकोचे घन पदार्थ किमान २५ टक्के लागतात. ब्रिटन आणि आयर्लंडला दूध जास्त घालून २० टक्क्यांवर भागवायची मुभा मिळाली. अमेरिकेत कोको मास (दळलेल्या कोको बियांचा लगदा) १० टक्के असला तरी चालतो, पण तिथे कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल घातलं तर त्याला चॉकलेट म्हणता येत नाही. युरोपात असं तेल ५ टक्क्यांपर्यंत चालतं, तेही सहाच ठरलेल्या झाडांचं. त्या यादीत शिया, पाम आणि साल आहेतच, पण कोकम आणि आंब्याची कोयही आहे! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते वाक्य बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

या ५ टक्क्यांवरून युरोपात १९७३ पासून तीस वर्षं रस्सीखेच चालली होती. ब्रिटनसारखे देश तेल घालत आणि त्याला चॉकलेट म्हणत. इटली आणि स्पेन म्हणत, विका, पण नाव ‘चॉकलेटचा पर्याय’ असं लावा. शेवटी २००३ साली युरोपीय न्यायालयाने सांगितलं की असं नाव लावायची सक्ती करता येणार नाही. म्हणजे ‘हे खरं चॉकलेटच नव्हे’ असं म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, सरकारं यावरून कोर्टात भांडली आहेत.

दुधाचं आणखी वेगळं. ब्रिटिश पद्धतीत दूध आणि साखर आटवून त्यात कोको मिसळून वाळवतात, त्या चुऱ्याला क्रम्ब म्हणतात. आटवताना किंचित करपल्यासारखी, कॅरॅमलकडे झुकणारी चव येते. युरोपातल्या बऱ्याच ठिकाणी सरळ दुधाची पावडर घालतात, ती चव जास्त ताज्या दुधाची. अमेरिकेतल्या काही नावाजलेल्या चॉकलेटांत ब्युटिरिक आम्लाची आंबूस झाक असते. हेच आम्ल मुरलेल्या चीजमध्ये असतं, आणि माफ करा, ओकारीतही. तिथे वाढलेल्यांना त्याशिवाय चॉकलेट अळणी वाटतं, बाकीच्यांना पहिल्या घासाला तोंड वाकडं करावंसं वाटतं. जिभेला जे आधी लागलं ते खरं, एवढंच.

तुमच्या वडीचं सांगायचं तर ब्रँड तोच, कंपनी तीच, पण ती बनली होती तिसऱ्याच देशातल्या कारखान्यात. आणि हे मूळ वेष्टनावर स्वच्छ छापलेलं होतं, नेमकं त्या स्टिकरच्या खाली. ही खरी असलेली दुसरी गोष्ट. स्टिकर लावणं आयातदाराला भाग असतं, पण तो कुठे लावायचा याची कोणी फारशी फिकीर करत नाही. तारीख, घटक आणि कारखाना झाकून तो चिकटवला तर गिऱ्हाइकाने ओळखायचं कशावरून? मला ते आधी दिसायला हवं होतं. आता येणारा माल मी स्वतः बघून मांडतो, मजकूर झाकलेला असेल तर परत पाठवतो, आणि आयात केलेल्या प्रत्येक वडीसमोर कारखान्याच्या देशाची चिठ्ठी लावली आहे.

अर्धी खरी गोष्ट आमच्या मुलाची. ‘इथलंच घ्या, ताजं असतं’ हे तो मनापासून म्हणाला. बोटीने आलेल्या वडीचं निम्मं आयुष्य वाटेत आणि गोदामात गेलेलं असतं, त्यामुळे ताजेपणाचं त्याचं म्हणणं बरोबर. चूक झाली ती पुढे. त्याने तुम्हाला दिला तो तुकडा चॉकलेटचा नव्हताच, कम्पाउंडचा होता. कोको पावडर, साखर आणि वनस्पती तेल. ते उन्हात टिकतं, केकवर ओतायला सोपं जातं, आणि जास्त तापमानाला वितळणारं तेल वापरलं असेल तर जिभेवर वितळायच्या आधी टाळूला चिकटतं. मेणासारखं म्हणालात ते अगदी बरोबर ओळखलंत. ते आम्ही चॉकलेटच्याच फळीवर ठेवत होतो, म्हणून मुलाला फरक कळला नाही. आता ते केकच्या साच्यांशेजारी गेलं आहे.

म्हणजे तुमची तुलना झाली ती उकाड्याने मारलेलं आयातीचं चॉकलेट विरुद्ध इथलं कम्पाउंड. यातून काय ठरणार? दोन्हीही हरणारच. आणि ‘इथलं’ म्हणजे तरी किती इथलं! कोकोचं झाड विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण २० अंशांपर्यंतच धरतं, आणि जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोनच देशांतून येतो. स्वित्झर्लंडच्या वडीतलाही कोको परदेशीच.

मी पण इथे नवीन होतो तेव्हा येणाऱ्या प्रत्येकाकडून सुटकेसमधून वड्या मागवायचो आणि कपाटात कपड्यांच्या मागे दडवायचो. दुकान काढल्यावर मुलांनी एकदा माझी परीक्षा घेतली. डोळे बांधून आपल्याकडची वडी आणि त्याच ब्रँडची इथली, असे दोन तुकडे तोंडात घातले. मी एका क्षणात ओळखलं, मोठी बढाई मारली. मग पोरांनी दोन्ही किसून चमच्याने दिलं आणि मी गप्प. मला चव ओळखताच येत नव्हती, येत होती ती वडीची जाडी. पातळ तुकडा आधी विरघळतो, जाड मागाहून, आणि तीच मला ‘आपली चव’ वाटत होती. तुमची जीभ माझ्यापेक्षा तयार असेल, हे मी थट्टेने म्हणत नाही, मेण तर तुम्ही ओळखलंतच.

पैसे तुम्हाला त्याच दिवशी परत मिळाले आहेत, त्यामुळे त्याबद्दल लिहीत नाही. आयातदाराकडून तुमच्या ओळखीच्या कारखान्याचा माल मागवला आहे, तो येईल तेव्हा एक वडी तुमच्यासाठी बाजूला ठेवतो. घरच्यांनाही आणा, आणि किसणी मी तयार ठेवतो. मुलाला रागावलो नाही, कारण फळी मी लावली होती. एसी दुरुस्त झाला आहे.