छाती थोपटून टी पेशी वाढत नाहीत

गळ्याच्या खळीखाली, छातीच्या मधोमध रोज सकाळी बोटांनी थोपटा. तिथली झोपलेली थायमस ग्रंथी जागी होते, टी पेशी वाढतात, ताण जातो, म्हातारपण आणि कॅन्सर लांब राहतात, आणि यात तोटा तर काहीच नाही. अशा आशयाचा मजकूर फॅमिली ग्रुपांवर सारखा फिरत असतो. त्यातली जागा बरोबर आहे. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला थायमस असते. टी पेशी, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, तिथेच घडतात हेही खरे. १९६१ मध्ये लंडनला जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढून या ग्रंथीचे महत्त्व दाखवून दिले. तोवर तिला निरुपयोगीच समजत. खरे एवढेच. पुढचे दावे मात्र टिकत नाहीत.

‘थोपटले की थायमस जागी होते.’ थायमस झोपलेली नसतेच. तिथे पेशी घडतात त्या प्रथिनांनी एकमेकींना दिलेल्या संदेशांवर. अस्थिमज्जेतून रक्तावाटे ज्या पूर्वज पेशी थायमसमध्ये येतात, त्यांचे भवितव्य अजून ठरलेले नसते. ते ठरवते त्यांच्या पृष्ठभागावरचे नॉच१ हे प्रथिन. थायमसच्या स्थानिक पेशींवर डीएलएल४ नावाचे दुसरे प्रथिन असते. दोघांची गाठ पडली की स्थानिक पेशी आपले डीएलएल४ आत ओढू लागते. त्या ओढीने नॉचची घडी उलगडते, आत दडलेली जागा उघडी पडते, विकरे (एन्झाइम) तिथे नॉचला तोडतात आणि सुटलेला आतला तुकडा थेट केंद्रकात जाऊन टी पेशीची जनुके चालू करतो. उंदरांच्या पूर्वज पेशींतून नॉच१ काढून टाकले तर थायमसमध्ये टी पेशींऐवजी बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, तयार होऊ लागतात.

म्हणजे इथे यांत्रिक बल लागतेच, आणि थोपटण्याचे समर्थक याच मुद्द्याला धरतील म्हणून तो आधीच सांगितलेला बरा. हे बल पिकोन्यूटनमध्ये मोजतात. एक पिकोन्यूटन म्हणजे एका न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग. शिवाय ते एका पेशीने तिला चिकटलेल्या दुसरीवर, नेमक्या त्या दोन प्रथिनांच्या जोडावर लावायचे असते. हाडावर मारलेल्या थापेने सगळा भागच एकत्र हलतो. त्या जोडावर ताण यावा असे त्यात काही नाही. आणि एकटे नॉच पुरतही नाही. वाढत्या पेशींना जगवायला इंटरल्युकिन-७ हे संदेशवाहक प्रथिन लागते. ते पकडणाऱ्या पेशीवरच्या ग्राहीत (रिसेप्टर) जन्मतः मोठा दोष असला तर बाळाच्या अंगात टी पेशी जवळपास नसतातच.

‘टी पेशी वाढतात.’ मला सगळ्यात खटकतो तो हा दावा, कारण तो थायमसचे कामच उलटे सांगतो. तिथे आलेल्या शंभरातल्या नव्वदहून अधिक पेशी बाहेर पडण्याआधीच मरतात, आणि त्या मरतात म्हणून आपण धड राहतो. थायमसच्या गाभ्यातल्या पेशी आयर या प्रथिनाच्या बळावर, एरवी स्वादुपिंडात बनणारे इन्सुलिनसुद्धा थोडेसे बनवून समोर मांडतात. त्यावर तुटून पडणारी टी पेशी तिथेच मारली जाते, नाहीतर तिला इतर पेशींना आवर घालणारी नियंत्रक टी पेशी बनवले जाते. आयरमध्ये दोष असलेल्या मुलांत शरीर स्वतःच्याच पॅराथायरॉइड आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथींवर हल्ला करते. नियंत्रक पेशींच्या संशोधनासाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे नोबेल मिळाले.

नॉच सतत चालू राहिले तर काय होते, तेही माहीत आहे. टी पेशींच्या तीव्र रक्तकर्करोगात निम्म्याहून अधिक रुग्णांच्या नॉच१ जनुकात त्याला अवाजवी चालू ठेवणारे बदल असतात, हे २००४ मध्ये समोर आले. कॅन्सर दूर ठेवायला थायमस ‘जागी करा’ म्हणणाऱ्यांनी हे वाचायला हवे.

‘ताण जातो.’ शांत बसून छातीवर हात ठेवल्याने बरे वाटत असेल. दीर्घ ताणात वाढणारे स्टेरॉइड थायमसमधल्या पेशी मारतात, हेही खरे. त्यावरून थोपटल्याने त्या परत येतात असे निघत नाही.

‘म्हातारपणी आकसलेली थायमस पूर्ववत होते.’ वयानुसार थायमसच्या जागी चरबी येते, आणि ही घट म्हातारपणाच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. तरी मोठेपणी ती टाकाऊ नसते. २०२३ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या संशोधकांना दिसले, की थायमस काढलेल्या प्रौढांत पुढच्या पाच वर्षांत मृत्यूचे प्रमाण ८.१ टक्के होते, तर तशाच छातीच्या शस्त्रक्रियेत थायमस शाबूत राहिलेल्यांत २.८ टक्के. म्हणून थायमसची काळजी वाटणे रास्त आहे. पण थापेने चरबीच्या जागी पुन्हा थायमस उगवल्याचा पुरावा कुणी दिलेला नाही.

‘तोटा काहीच नाही.’ हाडाला नाही, मान्य. तोटा होतो तो खरा आजार असताना यावर विसंबून राहिल्याने. तान्ह्या बाळाला तोंडातली बुरशी, न्यूमोनिया, जुलाब पुन्हा पुन्हा होत असतील, वजन वाढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना रक्तातल्या लिम्फोसाइटच्या (टी आणि बी पेशी ज्या गटात येतात त्या पांढऱ्या पेशींच्या) संख्येबद्दल विचारा. टी पेशी नसण्यासारख्या जन्मजात दोषांचे निदान मुंबईत परळला, केईएमच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीमध्ये होते. आणि घरातले आधीचे मूल पहिल्या वर्षातच जंतुसंसर्गाने गेले असेल, तर पुढच्या बाळाला बीसीजी टोचण्याआधी डॉक्टरांना ते सांगा. बीसीजीत जिवंत जंतू असतात, आणि टी पेशी नसलेल्या बाळाला ते झेपत नाहीत.